चार खाड्या, पाच दिवस: मांडवा ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने

महामार्गाने मुंबईहून रत्नागिरी एका दिवसात होते. किनाऱ्याने जायचं म्हटलं तर पाच दिवस लागतात आणि तेही कमीच वाटतात. या वाटेवर रस्ता चार ठिकाणी पाण्यापाशी संपतो. राजपुरीची खाडी, बाणकोटची खाडी, दाभोळची खाडी आणि जयगडची खाडी. चारही ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे न्यायची. स्थानिक लोक हिला जंगलजेटी म्हणतात.

म्हणून पहिलीच गोष्ट सांगतो. हा प्रवास किलोमीटर मोजून आखू नका, भरती-ओहोटी बघून आखा. कुठल्या गावी किती वाजता पोचायचं हे इथे समुद्र ठरवतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, हेदवीची घळ भरतीलाच बघायची. दोन्ही एकाच सहलीत नीट बघायचं असेल तर निघायची तारीख विचार करून काढावी लागते.

तारीख कशी काढायची

किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. त्याच्या आधी आणि नंतर सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. हा अंदाज आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे निघण्याआधी त्या त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा मोबाइलवर बघून घ्याच.

आता हा हिशोब आपल्या वाटेवर लावू. द्वितीयेला निघालात तर दुसऱ्या दिवशी तृतीया, भरती दुपारी सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी आठला. हरिहरेश्वर सकाळी आठला. चौथ्या दिवशी पंचमी, भरती पावणेचारला. हेदवी दुपारी पावणेचारला. दोन्ही वेळा वाटेत अगदी सहज बसतात, आणि द्वितीया-तृतीयेला उधाणाचा जोर ओसरलेला नसतो.

मला विचाराल तर गुढीपाडव्याचा दुसरा दिवस गाठा. चैत्र शुद्ध द्वितीया. वेळासला कासवाची पिल्लं बाहेर पडत असतात, ओले काजू मिळतात, हापूसच्या पहिल्या पेट्या उतरायला लागतात आणि शिमगा उरकलेला असतो. शिमग्याचा मुद्दा बाहेरच्यांना कळत नाही. होळीच्या दिवसांत गावोगाव पालख्या नाचत असतात, घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, आणि घरगुती खानावळ चालवणाऱ्या माणसालाही स्वतःच्या देवापुढे उभं राहायचं असतं. पालखी बघायला जरूर जा, पण मग जेवणाखाणाची हमी धरू नका. कासवं नकोत, नुसती थंड हवा हवी असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसाळ्यात हा मार्ग टाळा. समुद्र खवळलेला, रस्ते निसरडे, फेरीबोटींचा भरवसा नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा ताटात ताजी मासळी कमीच.

गाडी आणि फेरीबोट

ताशी पंचवीस ते तीस किलोमीटर, इतकाच वेग धरा. रस्ते एका गाडीपुरते, वळणं आंधळी, आणि वळणाआड एसटी उभी असते. एसटीला वाट द्या, मागे घ्यायची वेळ आली तर आपण मागे घ्या. तो चालक ती वाट रोज चालवतो, आपण पाहुणे आहोत. पेट्रोल अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे मिळतं. अर्धी टाकी झाली की भरून घ्या. खेड्यापाड्यात मोबाइलला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. त्या नकाशात फेरी टाळण्याची खूण चुकून सुरू नाही ना, हेही बघा. ती सुरू असली तर वीस मिनिटांच्या खाडीसाठी तो तुम्हाला अर्धा जिल्हा फिरवून आणतो. आणि रोख पैसे जवळ असू द्या.

फेरीबोटीच्या धक्क्यावर वीस मिनिटं आधी पोचा. दिव्यांचा झोत खाली घ्या, बोटीवरचा माणूस हाताने दाखवील तशीच गाडी घाला. सरळ सांगो वा उलटी, त्याच्याकडेच बघायचं, मागे बसलेल्या चार जणांच्या सूचनांकडे नाही. गाडी उभी राहिली की गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि उतरून कठड्याशी या. मोठ्या ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि शेवाळाने निसरडा असतो. खाली बसकी गाडी असेल तर तिथे पोट घासू नये म्हणून माणसं आधी उतरवून मग चढवा.

शेवटची फेरी किती वाजता, हे सकाळीच फोन करून विचारा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. एकदा मी हरिहरेश्वरला सूर्यास्तापर्यंत रेंगाळलो आणि बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पलीकडच्या काठाला बांधलेली होती. समोर वेसवीचे दिवे दिसत होते, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. पण मधे सावित्री नदी. पोरं पेंगुळलेली, रात्रीचा घाट करायचा जीव नव्हता. परत फिरून हरिहरेश्वरात एका घरी दार वाजवलं. त्यांनी खोली उघडून दिली आणि वरण-भात टाकला. तेव्हापासून शेवटच्या फेरीच्या एक फेरी आधीची वेळ मी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवतो.

पहिला दिवस: मांडवा ते दिवेआगर

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडव्याला उतरावं. तासाभरात पलीकडे, पनवेल-वडखळची गर्दी वाचते. जागा आधी आरक्षित करा. पुण्याहून येणाऱ्यांनी ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळामार्गे थेट दिवेआगर गाठावं, पहिली खाडी हुकली तरी हरकत नाही.

अलिबाग पटकन मागे टाका. तिथला पांढरा कांदा माळ करून टांगलेला दिसेल. चव गोडसर, कच्चा खाण्याजोगा, भौगोलिक मानांकन मिळालेला. एक माळ घ्या, पुढे प्रत्येक जेवणात कामी येते. रेवदंड्यानंतर कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलेला, पायथ्याशी दीपगृह. गावातले ख्रिस्ती लोक पोर्तुगीज मुळाची स्वतःची बोली आजही बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, भाषा राहिली. वर चढायला अर्धा तास धरा, ऊन चढायच्या आत.

काशिदला गर्दी असते. पाण्यात उतरायची घाई नको, तिथे दुर्घटना झालेल्या आहेत. पाण्याचा एकच नियम मी पाळतो: ओहोटी लागली की गुडघ्याच्या वर जायचं नाही, कारण परतणारं पाणी माणसाला आत ओढतं. मुरूडला जंजिरा बघायचा तर राजपुरीहून शिडाची होडी, आणि त्याला तीन तास हवेत. पाच दिवसांत सगळं बसत नाही. मी जंजिरा वेगळ्या सहलीसाठी ठेवतो आणि आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरतो. पहिली खाडी पार.

मुक्काम दिवेआगर. नारळ-सुपारीच्या वाड्यांतून जाणारी गल्ली, दोन्ही बाजूंना गडगे आणि पाटाच्या पाण्याचा आवाज. इथे घरगुती जेवणाची रीत शिकून घ्या, पुढे सगळीकडे हीच चालते. दुपारी दोनच्या आत फोन करून सांगायचं: माणसं किती, शाकाहारी किती, मासळी कुठली मिळाली आहे. ताट तुमच्यासाठी म्हणून शिजतं, तयार ठेवलेलं नसतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. नारळ खवण्यापासून मोदक वळण्यापर्यंत घरातल्या दोन बायकांची सकाळ त्यात जाते. सांगून मग खाल्ले नाहीत तरी पैसे द्यायलाच हवेत.

दुसरा दिवस: हरिहरेश्वर आणि वेळास

सव्वासहाला निघा, नाश्ता पुढे. भरडखोल, शेखाडी, आरावी असा श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता समुद्राला चिकटून जातो. सकाळी ऊन डोंगराआडून येतं, त्यामुळे आपण सावलीत आणि पाणी मात्र लख्ख. संपूर्ण वाटेतला माझा आवडता तुकडा हाच.

हरिहरेश्वरला देवळामागून पायऱ्या चढून मग दोन कातळभिंतींच्या फटीतून खाली उतरतात. उतरलात की समोर लाटांनी कोरलेला सपाट खडक. जवळ जाऊन बघा. खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत, काही बोटभर, काही डोकं मावेल एवढी. खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने हे केलं आहे. खळग्यांत साचलेल्या पाण्यात बारके खेकडे आणि शंखातले जीव फिरत असतात. ओला काळा खडक दिसला की पाय ठेवू नका, कोरड्या तपकिरी खडकावरून चाला. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. इथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत, तसे फलकही लावलेले आहेत. ओहोटीची वेळ उलटून दोन तास झाले असतील तर प्रदक्षिणा सोडून द्या आणि देवळातूनच नमस्कार करा.

नाश्त्याला घावणे आणि नारळाचा रस विचारा. श्रीवर्धनला थांबलात तर सुपारी घ्या, इथला रोठा नावाजलेला. मग बागमांडला. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते, आणि पलीकडे वेसवीला उतरलात की रत्नागिरी जिल्हा. खाडीच्या कडेकडेने बाणकोटचा किल्ला आणि त्याच्या पुढे वेळास.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. पण माणसं आता येतात ती कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. कुत्री-कोल्ह्यांपासून आणि अंडी चोरणाऱ्यांपासून ती वाचावीत म्हणून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन काम उभं केलं. अंडी कुंपणाच्या आतल्या वाळूत तशाच खोलीवर हलवतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं असली तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी टोपलीखाली वाळू नुसती थोडी खचलेली दिसली. मग मधोमध एक राखी ठिपका हलला. ते डोकं होतं. तळहाताच्या अर्ध्याएवढं पिल्लू, पाठीवर वाळूचे कण, वल्ह्यासारखे पुढचे पाय. त्याने चार पावलं टाकली, थांबलं, मान उचलली, परत निघालं. पहिल्या लाटेने त्याला उलटं मागे ढकललं. दुसरीनेही. तिसऱ्या लाटेत ते गेलं आणि पाण्यावर फक्त फेस राहिला. दोनेकशे माणसं उभी होती, पण कुणी बोललं नाही.

तिथे पाळायचं एवढंच: दोरीच्या आत पाय नको, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, रात्री किनाऱ्यावर बॅटरी मारायची नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, भलता उजेड दिसला तर वाट चुकतात. पिल्लं रोज बाहेर पडतातच असं नाही. निघण्याआधी फोन करून कुठली घरटी कधी उमलण्याची शक्यता आहे ते विचारा, आणि मुक्काम गावातच करा म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन वेळा मिळतात. गावातल्या घरी साधं शाकाहारी जेवण मिळतं. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ असेल तर दुसरं काही मागू नका.

तिसरा दिवस: केळशी, आंजर्ले, हर्णै

सकाळची कासवं बघून निघा. केळशीला महालक्ष्मीचं देऊळ आणि खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी. पुढे आडे, पाडले आणि आंजर्ले, रस्ता पुन्हा समुद्राशेजारी. आज चतुर्थी, त्यामुळे कड्यावरच्या गणपतीला गर्दी असेल. तरी जा. उजव्या सोंडेची मूर्ती, आणि वरून खाली माडांच्या शेंड्यांचा एक सलग पट्टा, त्यापलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. कृष्ण पक्षात निघालात तर हा दिवस संकष्टीचा येतो, तेव्हा सकाळी लवकर दर्शन उरका.

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत घालायचा मोह होतो, कारण ओल्या वाळूवर चाकं छान पळतात. मी घातली होती. वळवताना मागची चाकं भुसभुशीत वाळूत रुतली, आणि पाणी चढत होतं. गावातल्या आठ जणांनी फळ्या आणून, चाकांची हवा कमी करून ती बाहेर काढली, तेव्हा लाट टायरला लागली होती. त्यातल्या एका आजोबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, याच वाळूत कासवं अंडी घालतात." गाडी रस्त्यावर ठेवा आणि चालत जा.

हर्णैला दुपारी चारनंतर पोचा. बंदरावर बोटी दूर नांगरलेल्या असतात आणि मासळी छोट्या होड्यांतून, बैलगाड्यांतून किनाऱ्याला येते. मग लिलाव. ओल्या वाळूवर ढीग लागतात, भोवती माणसांचं कोंडाळं, बोली भराभर चढते आणि क्षणात ढीग दुसऱ्याचा होतो. मध्ये घुसू नका, तो त्यांच्या पोटाचा व्यवहार आहे. लिलाव झाला की कोळणी बाजूला किरकोळ विकायला बसतात, त्यांच्याकडून घ्या. मासा ताजा ओळखायचा तर कल्ला उचलून बघा, लाल हवा, करडा नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. बोटाने दाबलं तर खळगा भरून यायला हवा. भाव करा, पण आधी "मावशी, कापून द्याल ना?" असं विचारून करा. सकाळीच यजमानांशी बोलून ठेवलेलं असलं तर तुम्ही नेलेली मासळी ते शिजवून देतात. बांगडा साधा भाजून, कोळंबीचं कालवण, आणि सोलकढी.

सोलकढीबद्दल थोडं. खरी सोलकढी आगळ आणि नारळाच्या दुधाची. आगळ म्हणजे पिकल्या कोकमांचा मीठ घालून काढलेला रस. तिचा रंग फिका जांभळट-गुलाबी असतो आणि वाटी ठेवली की नारळाचं दूध वर येऊ पाहतं. भडक गुलाबी दिसली तर रंगाची शंका घ्या. घरी नेण्यासाठी आगळाची बाटली घ्या, सरबताची नव्हे. सरबतात साखर असते.

मुक्काम मुरूड, कर्दे किंवा लाडघर. हे दापोलीचं मुरूड. बुकिंग करताना जंजिऱ्याच्या मुरूडशी गल्लत होते, पत्ता नीट वाचा.

चौथा दिवस: दाभोळ, गुहागर, हेदवी

दाभोळला धक्क्यावर जाण्याआधी चंडिकादेवीचं कातळातलं देऊळ बघा. आत वाकून, अंधारात चाचपडत जावं लागतं. मग वाशिष्ठीची खाडी. दाभोळ-धोपावे ही या किनाऱ्यावरची पहिली फेरीबोट, २००३ साली सुरू झाली. त्याआधी गुहागरला जायला खेड-चिपळूण असा वळसा घ्यावा लागे. बोट बंद असेल तर आजही तोच मार्ग.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन आणि जेवण. वेळणेश्वरला हवं तर थोडं थांबा, पण साडेतीनला हेदवीच्या किनाऱ्यावर हजर राहा. इथे कातळाला एक लांब अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्या चिरेत कोंडतं, आधी आतून घुमल्यासारखा आवाज येतो, मग एक क्षण काहीच नाही, आणि पाण्याचा स्तंभ सरळ वर. पाच-सहा लाटा वाया जातात आणि सातवी उडते, त्यामुळे थांबायची तयारी ठेवा. कडेपासून लांब उभे राहा. ओला खडक म्हणजे तिथवर पाणी येतं, एवढी खूण पुरे. ओहोटीला आलेले लोक नुसती फट बघून परत जातात, म्हणून सुरुवातीचा तो सगळा हिशोब. टेकडीवरचा दशभुज गणपती संध्याकाळी करा आणि मुक्काम हेदवीतच.

पाचवा दिवस: तवसाळ ते रत्नागिरी

चौथी खाडी शास्त्री नदीची, तवसाळहून जयगड. बोट नसेल तर राई-भातगावचा पूल आहे. जयगडजवळ कऱ्हाटेश्वराचं देऊळ अगदी समुद्राच्या काठावर, तिथे दहा मिनिटं शांत बसता येतं. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. गणपतीपुळ्याला सकाळी अकराच्या आत दर्शन घ्या आणि समुद्रस्नानाचा विचार सोडा, तिथला उतार खोल आणि धोक्याचा आहे.

आरे-वारे संध्याकाळसाठी राखून ठेवा. रस्ता टेकडीवर चढतो आणि एका वळणावर दोन्ही किनारे एकदम उलगडतात. गाडी वळणावर थांबवू नका, पुढे रुंद जागा आहे. रत्नागिरीत हापूस घ्यायचा तर पेटी उघडून देठाजवळ वास घ्या. रंगाने फसायला होतं, वासाने नाही. पूर्ण पिवळा नको, हिरवट छटा असलेला घ्या आणि गाडीत पेंढ्यासकट ठेवा. डिकीत नको, तिथे उकडतो.

सहावा-सातवा दिवस हाताशी असेल तर भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, कशेळीकडे उतरा. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जांभ्या दगडात कोरलेला भलामोठा हत्ती आहे, त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती. कोकणातल्या अशा कातळशिल्पांची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाली. बघताना चपला काढा, रेषांवर पाय देऊ नका, आणि दुपारी अजिबात जाऊ नका. सड्यावर सावलीचं एक झाड नाही आणि डोक्यावरच्या उन्हात रेषा दिसत नाहीत. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात हत्तीची सोंड आधी दिसते, मग पाय, मग एकेक प्राणी.